अर्धा घासलेला बंपर

जावयाची गाडी चौथ्यांदा शेडमध्ये आली, तेव्हा तिने आत येता येताच रंग्याला उडवलं. रंग्या म्हणजे शेडचा कुत्रा. अंगावर कुठल्या ना कुठल्या गाडीच्या रंगाचा शिंतोडा कायमचा, म्हणून रंग्या. तो दारात उन्हाला पडला होता. जावयाने हॉर्न दिला नाही, ब्रेकही लावला नाही. कुत्रं केकाटत, मागचा पाय उचलून धरत पाण्याच्या टाकीमागे पळालं, आणि जावई दार आपटून खाली उतरला.

"मेलं तर दुसरं आणून देतो, मामा," तो म्हणाला.

मिस्त्री बंपरकडे बघत होता. पुढचा पांढरा बंपर, उजव्या कोपऱ्यापासून नंबरप्लेटपर्यंत खरवडलेला.

पुन्हा तेच फाटक, असं जावयाने सांगितलं. वळण चुकलं. एक वाजता गाडी पाहिजे, संध्याकाळी बाहेरगावी जायचंय. चिमी कशी आहे, असं मिस्त्रीने विचारलं. चिमी ही त्याची एकुलती एक मुलगी, लग्नाला चार वर्षं झालेली. जावई म्हणाला, तापाने पडलीय, फोन बंद करून झोपलीय, आणि तुम्ही उगाच जाऊन उठवू नका. विचारलं एक आणि उत्तरं आली तीन. मिस्त्रीने मान हलवली आणि साबणाचं पाणी आणायला गेला.

मिस्त्रीचं वय एकसष्ट. मोडलेल्या गाड्या तो घेत नसे. खरचटलेल्या तेवढ्या घ्यायचा. बंपरवरचे ओरखडे, दाराला लागलेली चावी, कोपऱ्याचा पोचा. चाळीस वर्षं हेच. गाडी परत घेऊन जाताना मालक वाकून वाकून बघायचा आणि कुठे लागलं होतं ते त्याला सापडायचं नाही, तेव्हा मिस्त्रीला बरं वाटायचं. शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणारी बाई होती. सगळे तिला सीटवाली म्हणत. तिने मशीनवरून मान वर केली.

"मिस्त्री, तुमचा जावई गाडी चालवतो की नांगर?"

जावयाने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचं गिळलं. मग तो बाहेर जाऊन उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला, सिगरेट पेटवली आणि बुटाची टाच जमिनीवर आपटत राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजलेली होती. मिस्त्रीला ते दिसलं होतं. दिसतं सगळंच.

खरं म्हणजे मिस्त्रीला मारहाण नवी नव्हती. तरुणपणी त्याचा हात फार चालायचा. एका गिऱ्हाइकाने शिवी दिली म्हणून त्याने स्प्रे गन फिरवून त्याचा जबडा मोडला होता आणि अकरा दिवस कोठडीत काढले होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने बायकोवरही हात टाकला होता. एकदाच, पण तिच्या कानातून रक्त आलं. ती निघून गेली, दोन महिने आली नाही. आली ती एका अटीवर. त्या दिवसापासून त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, आणि पुढे पुढे बाहेरच्यांवरही नाही. शेवटची मारामारी होऊन बावीस वर्षं झाली होती.

बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. चिमीकडे लक्ष ठेवा, तिचं काही खरं दिसत नाही. आणि हात आवरा. मिस्त्रीने हो म्हटलं. ती गेल्यावर त्याला घरात भांड्याचा आवाज सहन होईना, म्हणून तो सकाळी सातलाच शेडमध्ये यायचा आणि अंधार पडला की फक्त झोपायला घरी जायचा. दोन गोष्टींपैकी त्याने एक पाळली होती. हात आवरला होता.

त्याने बंपर धुतला, फडक्याला थिनर लावून पुसला आणि ओरखड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ही त्याची पहिली पायरी. नख अडकलं नाही तर जखम वरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशने जाते. नख अडकलं तर खोल गेलीय, घासावं लागतं, भरावं लागतं, पुन्हा रंगवावं लागतं. गिऱ्हाईक काय सांगतं त्यावर तो कधी जात नसे. नख सांगेल ते खरं.

नख अडकलं, एकदा नाही, सात-आठ ठिकाणी.

त्याने वॉटर पेपर, पाणी लावून घासायचा खरखरीत कागद, भिजवला आणि कोपऱ्यापासून घासायला लागला. हात सवयीने चालत होता, डोकं दुसरीकडे होतं. वीतभर जागा साफ झाली, अजून वीतभर झाली. मग त्याने कागद बादलीत बुडवायला उचलला आणि त्याला कागदावरचं पाणी दिसलं.

पाणी पांढरं यायला हवं होतं. ते वांगी रंगाचं होतं. आणि त्यात तांब्याची बारीक चमक होती.

मिस्त्री तसाच उकिडवा बसून राहिला. तो रंग कुठल्या कंपनीच्या डब्यातून निघत नाही. तो त्याने स्वतः केला होता, सहा वर्षांपूर्वी, बायकोच्या जुन्या स्कूटरसाठी. एका गाडीचा उरलेला जांभळा, दुसरीचा उरलेला काळा, आणि मूठभर तांब्याची पूड. बायको म्हणाली होती, अहो, उरलंसुरलं सगळं माझ्याच नशिबी. पण मग ती स्कूटर घेऊन गल्लीभर फिरून आली होती आणि सगळ्यांना विचारत होती, असा रंग कुणाकडे आहे का. ती गेल्यावर स्कूटर चिमीने नेली.

जगात त्या रंगाची एकच गाडी होती.

त्याने कागद खाली ठेवला आणि उरलेला ओरखडा नीट बघितला, जसा पहिल्यांदाच बघायला हवा होता. फाटकाचा ओरखडा आडवा जातो. हे खालून वर आणि मग पुन्हा खाली आले होते, म्हणजे समोरची वस्तू उभी होती, आडवी झाली आणि मग ढकलत नेली. मधे काळा रबराचा पट्टा होता, टायरचा. खालच्या जाळीत स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीवरची रबराची टोपी अडकली होती. तीही त्यानेच बसवली होती.

आणि मग त्याला आधीचे तीन बंपर आठवले. आठवले म्हणजे काय, विसरले नव्हतेच. पहिल्या वेळी विटेची लाल पूड निघाली होती आणि चिमीच्या कोपराचं सालटं गेलेलं होतं. भिंतीला घासलं म्हणाली. दुसऱ्या वेळी बारीक बारीक रेघा, बॅगेच्या बक्कलने ओढल्यासारख्या. तिसऱ्या वेळी गुडघ्याच्या उंचीवर गोल पोचा. जावई म्हणाला खांब. खांब उभी रेघ सोडतो, गोल पोचा पाडत नाही, हे मिस्त्रीला झोपेतही कळलं असतं. त्याने उकळतं पाणी ओतून पोचा बाहेर काढला आणि काही विचारलं नाही. त्या महिन्यात चिमी लंगडत होती. जिन्यावरून घसरले, म्हणाली. त्याने एक गोष्ट शेडमध्ये ठेवली, दुसरी घरी, आणि दोन्ही कधी एका टेबलावर आणल्या नाहीत.

बाहेर जावई फोनवर कुणाला तरी आईवरून शिव्या घालत होता.

मिस्त्रीच्या डोक्यात रक्त चढलं. हातोडा हाताशी होता. जावयाची पाठ इकडे होती, मान उघडी, केस बारीक कापलेले. सहा पावलं. तो उठला आणि दोन पावलं टाकलीही. मग थांबला. चिमीला ताप आलाय, फोन बंद आहे, असं हा सांगत होता. ती कुठे आहे ते फक्त यालाच माहीत. हा मेला तर कोण सांगणार? आणि हा गाडी घेऊन घरी गेला आणि ती अजून जिवंत असली, तर?

म्हणजे याला इथेच अडकवून ठेवायला हवं. आणि कुणीतरी तिच्या घरी पोचायला हवं.

तो फडकं मागायच्या निमित्ताने सीटवालीकडे गेला आणि मशीनच्या आवाजाखाली चार वाक्यांत सगळं सांगितलं. आपल्या जुडग्यातली एक चावी काढून तिच्या हातात दिली. चिमीच्या घराची दुसरी चावी बायकोने मागून घेतली होती आणि तिला लाल दोरा बांधून ठेवला होता. सीटवालीने एकच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" आणि उत्तराची वाट न बघता तिने कापड कापायची मोठी कात्री पिशवीत टाकली. जाता जाता जावयाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली की फोम संपलाय, घेऊन येते, गाळ्याकडे लक्ष असू द्या.

मग मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा काम मुद्दाम लांबवलं. बंपर गाडीवरून काढावा लागेल, असं जावयाला सांगितलं. खोल गेलंय. स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या, बंपर लाकडी घोडीवर आडवा ठेवला. न घासलेल्या भागावर कागद लावला आणि चारी बाजूंनी टेप मारली, रंग उडू नये म्हणून मारतात तशी. जाळीतली रबराची टोपी खिशात घातली. वांगी पाण्याचा कागद चिमट्याने तारेला अडकवून वाळत टाकला. घासलेल्या भागावर प्रायमरचा हात दिला आणि हीट गन लावून हळूहळू सुकवत बसला. ती गन एवढी तापते की प्लास्टिक मऊ पडतं. तो लांबून धरून बसला. चिमीचं घर वीस मिनिटांवर. तिकडे जाऊन, बघून, फोन करेपर्यंत चाळीस. त्याने घड्याळाकडे बघणं टाळलं.

अर्ध्या तासाने जावई आत आला. एवढ्याशा कामाला एवढा वेळ कसा, असं म्हणाला. सुकायला लागतो, मिस्त्री म्हणाला. मागच्या वेळी नाही लागला, जावई म्हणाला. त्याने घोडीभोवती एक फेरी मारली, वाकला, आणि कागदाच्या कडेखाली बोट घालून टेप फर्रकन ओढली.

कागद निघाला. खाली ओरखडे जसेच्या तसे होते.

"हे नाही घासलं?"

"नाही."

"का?"

मिस्त्रीने हीट गन बंद केली नाही. चार वर्षं तो जावयाला अहो-जाहो करत आला होता.

"हा माझ्या बायकोच्या स्कूटरचा रंग आहे," तो म्हणाला. "चिमीवर गाडी घातलीस तू."

जावयाने नाकारलंही नाही. तो कंटाळल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी बॅग भरून निघाली होती, तुमच्याकडे. मी फक्त अडवली."

"कुठे आहे ती?"

"घरात आहे. कुठे जाते? पाय टेकवत नाही तिला." मग त्याने बंपरकडे बोट केलं. "घासा, मामा. आजवर घासलंतच ना? तीनदा घासलंत, एकदा तरी विचारलंत? मग आता काय नाटक लावलंय?"

मिस्त्री चालू हीट गन बाजूला ठेवून बंपरवर हात पसरून उभा राहिला, एवढंच त्याला सुचलं.

जावयाने भिंतीला टेकवलेली चाकं काढायची पहार उचलली आणि त्या पसरलेल्या हातावर घातली. उजव्या हाताची हाडं मोडल्याचा आवाज मिस्त्रीने आधी ऐकला, दुखलं मागून. दुसरा घाव खांद्यावर आला, तिसरा बरगडीवर, आणि तो रंगाच्या डब्यांवर कोसळला. डबे गडगडले. जावयाने लाथ घातली, मग आणखी एक, तोंडावर. मिस्त्रीचा एक दात जिभेवर आला. त्याने तो थुंकला. वर बघितलं तर जावयाने पहार टाकून दिली होती, घासायचं मशीन हातात घेतलं होतं आणि तो प्लग शोधत होता. तो स्वतःच पुसणार होता.

मशीन घुर्रकन चालू झालं.

पुढचं मिस्त्रीला तुकड्या-तुकड्यांत आठवलं. डाव्या हातात रबरी हातोडा कसा आला ते त्याला सांगता आलं नाही. पहिला घाव त्याने जमिनीवरूनच घातला, गुडघ्याच्या वाटीवर आडवा, आणि वाटी बाजूला सरकली. जावई बैलासारखा ओरडला. मशीन हातातून सुटलं, वायरीला लटकून गरगरत त्याच्याच मांडीवरून गेलं आणि पँट, कातडी, सगळं सोलून गेलं. तो पडला. मिस्त्री त्याच्या छातीवर बसला. दुसरा घाव तोंडावर, तिसरा तोंडावर. नाक आत गेलं. जावई हात वर करून काही बोलत होता, रक्ताचे बुडबुडे येत होते. मिस्त्रीला बरं वाटत होतं. ही गोष्ट त्याने नंतर कुणापासून लपवली नाही. बावीस वर्षं आवरलेला हात जराही गंजला नव्हता.

त्याने हातोडा टाकला आणि हीट गन घेतली. ती अजून चालूच होती. जावयाच्या कानाजवळचे केस आखडले, जळक्या केसांचा वास आला. जावई किंचाळत मान फिरवत होता आणि मिस्त्री गुडघ्याने ती मान दाबून गन खाली आणत होता, डोळ्याच्या दिशेने.

खिशातला फोन वाजला.

वाजत राहिला. बंद झाला. पुन्हा वाजला. टाकीमागून रंग्या भुंकायला लागला. मिस्त्रीने गन बाजूला ठेवली, डाव्या हाताने उजव्या खिशातला फोन काढायला त्याला वेळ लागला.

सीटवाली होती. ती एकेक नेमकं सांगत होती. न्हाणीघराला बाहेरून कडी होती. चिमी आत होती. पाय गुडघ्याखाली मोडलाय, डोकं फुटलंय, पण शुद्धीवर आहे. अँब्युलन्सला आणि पोलिसांना दोघांनाही फोन केलाय. मग ती म्हणाली, ही बोलायचंय म्हणते, आणि फोन सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," चिमी म्हणाली. तिचे ओठ सुजले असावेत, शब्द नीट फुटत नव्हते. "गाडी तुमच्याकडे आणलीय ना त्यांनी?"

"हो."

"पुसलंत?"

मिस्त्री जावयाच्या छातीवर बसला होता. त्याच्या हनुवटीवरून रक्त टपटपत होतं, कुणाचं ते कळत नव्हतं.

"अर्धं," तो म्हणाला. "अर्धं पुसलं. अर्धं आहे अजून."

ती म्हणाली, "तेवढं राहू द्या." आणि रडायला लागली. सीटवालीने फोन घेतला.

मिस्त्री जावयाच्या अंगावरून उतरला. हीट गनचा प्लग काढला. जावई तिथेच कण्हत पडला होता, गुडघा धरून, कुठे जाण्यातला नव्हता. पहार मात्र मिस्त्रीने लांब ढकलली. मग तो घोडीशी गेला आणि बंपरला पाठ लावून जमिनीवर बसला, मोडलेला हात मांडीवर घेऊन. पोलीस आले तेव्हा तो तसाच बसलेला होता आणि रंग्या तीन पायांवर त्याच्याजवळ उभा होता.

जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, दवाखान्यात, चिमीच्या खाटेपाशी. तिचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता, एक डोळा पूर्ण मिटलेला. ती दुसऱ्या डोळ्याने छताकडे बघत होती. सीटवाली उशाशी बसली होती.

पोलीसबाई मध्यम वयाची होती, सावकाश लिहायची. मिस्त्रीने तिला खिशातली रबराची टोपी दिली. शेडमध्ये तारेला वाळत घातलेला कागद कशाचा आहे ते सांगितलं, घरी त्या रंगाचा अर्धा डबा ठेवलेला आहे तेही सांगितलं, ताडून बघायला. जावयाचा गुडघा आणि नाक आपण फोडलं, डोळाही जाळणार होतो, फोन आला म्हणून राहिलं, हेही सांगितलं. बाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. हे तुमच्यावरही येईल, म्हणाली. येऊ द्या, तो म्हणाला.

मग तिने विचारलं की गाडीवर अशा खुणा याआधी कधी होत्या का.

सीटवालीने खाटेच्या पलीकडून डोळ्यांनी नको नको केलं.

"तीनदा," मिस्त्री म्हणाला.

"त्या खुणा कुठे आहेत आता?"

"मी घालवल्या."

"तुम्हाला कल्पना होती?"

मिस्त्रीने प्लास्टरकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्याकडे. नखात अजून वांगी रंग होता.

"नख अडकत होतं," तो म्हणाला.

पोलीसबाईला ते कळलं नाही. तिने पेन थांबवलं. "हो की नाही, तेवढं सांगा, काका."

चिमीने छतावरची नजर काढली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"हो," मिस्त्री म्हणाला. "हो लिहा."